एक जूनचे दोघे

माझा राग नाकावर असतो आणि आवाज दुकानाबाहेर. बायको म्हणते, तुमच्या दुकानाला पाटी कशाला पाहिजे, बसस्टँडवर उतरलं की ऐकू येतंच. वडवणीला माझं बैलांच्या साजाचं दुकान आहे. कासरे, वेसणी, म्होरक्या, गोंडे, घुंगरमाळा, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. वडिलांनी मांडलं, मी वाढवलं. फक्त गाळा आमचा नव्हता. तो भाड्याचा होता, आणि इतकी वर्षं झाली होती की भाड्याचा आहे हेच मी विसरून गेलो होतो.

गाळ्याचे मालक भले गृहस्थ. त्या उन्हाळ्यात ते दुकानात आले, माठातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "आमी आता पुण्याला पोराकडं कायमचं चाललो. गाळा विकायचा हाय. पहिला हक्क तुमचा. पोळ्यापर्यंत थांबतो, त्याच्यापुढं न्हाई. तो मोबाईलवाला लई मागं लागलाय."

पोळा म्हणजे आमची दिवाळी. बाकी अकरा महिने मी दुकान चालवतो आणि पोळ्याचा महिना मला चालवतो. गाळा गेला असता तर रस्त्यावर ताडपत्री टाकून बसावं लागलं असतं, आणि वडिलांनी ज्या खुंट्यांना घुंगरमाळा टांगल्या त्या खुंट्यांना कुणीतरी मोबाईलची कव्हरं टांगली असती. ते माझ्या डोळ्यांपुढं सुद्धा येऊ देत नव्हतो मी. "गाळा माझाच," असं मालकांना ठणकावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेलो.

मला कसलीच धास्ती नव्हती. मोटारसायकलचे हप्ते मी तारखेच्या आदल्या दिवशी भरलेले. मला कर्ज नाही तर कुणाला देणार? बँकेचा साहेब तरुण होता, लातूरकडचा, बोलायला मऊ. त्यानं माझा पॅन नंबर घातला, पडद्याकडं पाहिलं, परत पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये एक थकीत कर्ज दिसतंय. तेलगावच्या एका फायनान्स कंपनीचं. शेळ्यांसाठी घेतलेलं. पुढं कंपनीनं ते बुडीत म्हणून टाकलंय."

मी आणि शेळ्या! जन्मभर शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा विकल्या, पण दारात शेळी कधी बांधली नाही. हे मी ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजानं कॅशच्या रांगेतली माणसं मागं वळली.

"हा शेरा जाणार कधी?" मी विचारलं.

"साधारण सात वर्षं राहतो."

"म्हणजे साडेसातीला सहा महिने कमी. अहो, शनीला निदान तेल तरी वाहता येतं!"

साहेब हसला नाही. म्हणाला, "चूक असेल तर तक्रार करता येते. रिपोर्ट बनवणाऱ्यांना तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वर्षातून एकदा हा रिपोर्ट फुकट बघायला मिळतो. तुम्ही कधी बघितला नाही?"

मी कशाला बघतोय? धडधाकट माणूस दवाखान्यात जाऊन रांगेत बसतो का? हे मात्र मी मनातच म्हणालो. साहेबानं पडदा माझ्याकडं फिरवला. नाव माझं. बापाचं नाव माझ्या बापाचं. आडनाव तेच, गाव तेच, पिनकोड तोच. जन्मतारीख, एक जून. आणि ती तारीख वाचली तशी माझी ट्यूब पेटली.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमच्या गावात आमच्या वयाच्या निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा आहे. आयांना आमचा जन्म ज्वारीच्या काढणीत झाला, का नदीला पाणी आलं तेव्हा, एवढंच माहीत. गुरुजी शाळेत नाव घालायला पोरं गोळा करायचे, वय बसेल असं साल धरायचे आणि पुढं एक जून लिहून मोकळे व्हायचे. आता दरवर्षी त्या दिवशी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर सगळेच सगळ्यांना शुभेच्छा देतात आणि केक कुणीच आणत नाही.

त्यातून आमच्या वर्गात आम्ही दोघे. दोघांच्या घरी एकाच देवाला नवस, म्हणून नाव एकच. त्या काळी गावात नावंच मोजकी, म्हणून बापांची नावंही एकच. आडनाव गावावरून पडलेलं, आणि दोघांचेही पूर्वज त्याच गावचे. आम्ही दुकानदार वाणी, ते मेंढरं पाळणारे, पण हजेरीपटावर वरच्या ओळीत आणि खालच्या ओळीत अक्षराचाही फरक नव्हता. गुरुजींनी त्यावर तोड काढली. मी बुटका, पहिल्या ओळीत बसायचो, म्हणून मी 'पुढचा'. तो उंच, सकाळी मेंढरं वाड्याबाहेर काढून उशिरा यायचा आणि भिंतीला टेकून बसायचा, म्हणून तो 'मागचा'. गावात आजही आम्हाला तीच नावं आहेत.

मागचा आता नेकनूरकडं सासुरवाडीच्या गावाजवळ वस्ती करून राहतो. वर्षातून दोनदा इथं म्हाताऱ्या आईला भेटायला येतो, तेव्हा माझ्या दुकानात चक्कर असतेच. घंटा घेतो, दोर घेतो. आधी सगळं उधार असायचं, पण अलीकडं तीनेक वर्षांपासून रोख द्यायला लागला होता. मी म्हणायचो, "मांडून ठेवतो की बे." तो म्हणायचा, "राहू दे, घे रोख." मला वाटायचं, मेंढरांना भाव आलाय, पठ्ठ्याच्या खिशात पैसा खुळखुळायलाय. आणि आता बँकेत उभा राहून मला कळत होतं की तो पैसा आला कुठून. कर्ज बुडवलं त्यानं आणि शेरा बसला माझ्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी!

ई-सेवा केंद्र चालवणारी ताई आमच्याच गल्लीतली, हुशार आणि माझ्या आवाजाला न घाबरणारी. तिनं तक्रारीचा फॉर्म उघडला. मी सांगायला सुरुवात केली की हा मनुष्य कोण, त्याचा बाप कोण, वर्गात कुठं बसायचा.

"काका, इथं कथा लिहायची नसते," ती म्हणाली. "'हे खातं माझं नाही', एवढंच निवडायचं. अन् पॅन कार्ड जोडायचं."

तेवढंच निवडलं. एक जून मध्येच येऊन गेला. सकाळी सकाळी मोबाईलवर त्याच बँकेच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. तीस दिवस भरत आले तेव्हा उत्तर आलं, आणि ताईनं ते वाचून चष्मा काढला. कंपनीनं पडताळणी केली होती. नाव जुळतं, जन्मतारीख जुळते, पत्ता जुळतो. माहिती बरोबर आहे. ते कर्ज जुनं होतं, मतदान कार्डावर दिलेलं, त्यात पॅन नंबरच नव्हता. एवढं सगळं जुळल्यावर दुसरा कुणी असेल हे यंत्राच्या ध्यानात येणार कसं?

"ज्याचं कर्ज हाय त्यानंच लिहून दिलं तर लवकर सुटंल," ताई म्हणाली. "न्हाईतर लांबंल. पोळा कधी हाय म्हणलात?"

मी तिथंच बसून मजकूर सांगितला, आणि खरं सांगतो, चवीनं सांगितला. 'मी खाली सही करणार थकबाकीदार असे लिहून देतो की, सदर खाते क्रमांकाचे थकीत कर्ज माझे असून त्याचा माझ्या नावाच्या वडवणी येथील व्यापाऱ्याशी काही संबंध नाही.' 'थकबाकीदार' हा शब्द ताईनं घातला नव्हता. तो मी घातला. बाँडवर छापून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि मोटारसायकलला किक मारली.

बीडवरून नेकनूरपर्यंत मी रस्ताभर त्याला झापत होतो. काय काय बोलायचं ते सगळं पाठ झालं होतं. वस्तीवर पोचलो तर मागचा लांबूनच ओरडला, "पुढच्या! तू? अन् एवढ्या उन्हाचा? म्हातारी बरी हाय ना?"

म्हातारी बरी आहे म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. मग बाज टाकली, त्याच्या बायकोनं पाणी दिलं, चहाला आधण ठेवलं. मी बाजेच्या कडेवर बसलो. पूर्ण टेकून बसलो असतो तर राग गेला असता. त्याला सांगितलं की गाळा विकायला निघालाय, पोळ्यापर्यंत बँकेचं कर्ज झालं नाही तर दुकान जातंय, आणि एका जुन्या कर्जापायी सगळं अडलंय.

"दुकान जातंय?" तो एवढंच म्हणाला.

"तुझी सही पायजे या कागदावर."

त्यानं कागद घेतला. उन्हाकडं तिरपा धरून पाहिला, थोडा वेळ पाहिला. मला वाटलं, चष्म्याशिवाय त्याला काही दिसत नसणार. मग माझाच पेन घेऊन, गुडघ्यावर कागद ठेवून, त्यानं सही केली. माझ्याच नावाची सही, फक्त अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

काम झालं होतं. शहाणा माणूस चहा पिऊन निघाला असता. पण उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड.

"कर्ज घेतलं तर फेडायचं असतं बे!" मी म्हणालो. "तू तेलगावातनं शेळ्या घेतल्या, पैसे बुडवले, अन् शेरा माझ्या बोकांडी!"

त्याच्या हातातला पेन तसाच राहिला. "तेलगावचं? शेळ्यांचं?"

"मग काय मी घेतल्या का शेळ्या?"

तो उठला, आत गेला आणि औषधाच्या दुकानाची एक पिशवी घेऊन आला. तिच्यात पावत्या होत्या, सुतळीनं बांधलेल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवटच्या पावतीवर कंपनीचा शिक्का, वसुली करणाऱ्याची सही.

"फेडलंय की बे सगळं. दोन हप्त्याला उशीर झालता, मेंढरं घेऊन लांब गेलतो तवा. पण फेडलंय." मग माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "म्हंजी ते तुझं न्हवतं?"

"माझं कसं आसंल? काय डोकं फिरलंय का तुझं?"

यावर तो जो हसायला लागला तो थांबेचना. बायको चहा घेऊन आली, तिलाही काही सांगेना. मला त्याचा राग आला. त्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

चहा शेळीच्या दुधाचा होता. तो घशाखाली उतरवता उतरवता मी हिशेब केला. सही केलेला कागद माझ्या खिशात होता. तो दिला की माझं नाव धुऊन निघणार, गाळा माझा. पण त्याच कागदानं फेडलेलं कर्ज थकलेलं ठरणार होतं, त्याच्या स्वतःच्या सहीनं, वर्षानुवर्षं. उलट पावत्या घेऊन कंपनीशी भांडायचं तर दोघांचंही सरळ होणार, पण पोळ्याच्या आत होईल याची काय हमी? मी एका क्षणात ठरवलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी दुसरा कप मागितला, आणि तो संपेपर्यंत कागद खिशातच होता.

मग काढला आणि फाडला.

"कावून फाडलं बे?" तो म्हणाला.

"चूक झालती लिहिण्यात. उद्या बीडला ये. पावत्या घेऊन."

कंपनीची तेलगावची शाखा कधीच बंद झाली होती. बीडला पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. तिथला पोरगेलासा अधिकारी म्हणाला, सिस्टीममध्ये शेवटचे हप्ते दिसत नाहीत. मी म्हणालो, सिस्टीममध्ये दिसत नसतील, इथं दिसतात, आणि पावत्या त्याच्या टेबलावर पत्त्यांसारख्या पसरून मांडल्या. पहिल्या दिवशी साहेब रजेवर होते. दुसऱ्या खेपेला रजिस्टर सापडत नव्हतं. तिसऱ्या खेपेला मी डबा घेऊन गेलो आणि सांगितलं की आम्ही दोघं इथंच जेवतो, निवांत शोधा. भाकरीला ठेचा होता. ऑफिसभर वास सुटला तसं रजिस्टर सापडलं. शाखा बंद झाली त्या महिन्यातल्या पावत्या कुणी संगणकात चढवल्याच नव्हत्या. दुपारी कर्ज फिटल्याचं पत्र मिळालं, शिक्क्यासह. माझ्या आवाजाचं आयुष्यात एवढं चीज कधी झालं नव्हतं.

ताईकडं आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. एका फॉर्मात 'हे खातं माझं नाही', दुसऱ्यात 'हे खातं माझं आहे, फिटलेलं आहे'. दुसऱ्या फॉर्मात नाव, जन्मतारीख टाकताना ताई थांबली आणि म्हणाली, "मलाच वाटायलंय मी हा आत्ता भरला." पॅन कार्ड दोघांची जोडली. तेवढाच काय तो आमच्यातला फरक.

मग तिनं मागच्याला समजावलं. "दादा, बुडीत हा शेरा जाईल. पण दोन हप्ते उशिरा भरलेत ना, ते मात्र काही वर्षं दिसत राहणार. त्याची तक्रार करता येणार न्हाई."

"राहू दे की," तो म्हणाला. "उशीर झालता ते खरंच हाय."

मी त्याच्या जागी असतो तर त्यावरही भांडलो असतो.

पुढचे दिवस वाईट गेले. मालकांचा दोनदा फोन आला. मोबाईलवाला तर टेप घेऊन आला आणि माझ्यादेखत गाळा मोजून गेला, वर म्हणाला, या खुंट्या काढाव्या लागतील. मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण रागाखाली भीती होती, आणि ती मी बायकोपासूनही लपवू शकलो नाही. तिनं पोळ्याचा माल भरायचा का असं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून "थांब जरा" निघालं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा.

उत्तर आलं तेव्हा मी गोंडे ओवत होतो. ताई स्वतः मोबाईल घेऊन चालत आली. माझ्या रिपोर्टमधून शेळ्या गेल्या होत्या. मागच्याच्या रिपोर्टमध्ये त्या होत्या, पण पुढं 'बंद, पूर्ण भरणा' असं होतं. बँकेची कागदपत्रं मी आधीच देऊन ठेवलेली, त्यामुळं मंजुरीचं पत्र पोळ्याच्या चार दिवस आधी हातात पडलं. मालकांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्यासमोरच मोबाईलवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. रडत होतो, त्यात काय लपवायचं.

पोळ्याच्या आदल्या बाजारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीतून मागचा आत आला. दोन घंटा वाजवून बघितल्या, एक निवडली, दोराची गुंडाळी घेतली. मी भाव सांगितला. तो म्हणाला, "मांडून ठेव. दिवाळीत देतो."

"आरं वा! तीन वर्षं रोख देतोस, अन् आज कावून उधार?"

"आता उधार घ्यायला काय हरकत हाय," तो म्हणाला. "आता तुझं बरं चाललंय."

मला कळेना. तेव्हा त्यानं सांगितलं, घंटा हातात खेळवत, आवाज खाली ठेवून.

"तीन वर्षामागं पाण्याच्या मोटरीसाठी कर्ज काढाया बँकेत गेलतो. ते म्हणले, तुमच्या नावावर कर्ज थकलंय. कुठलं ते काई सांगितलं न्हाई. माझं तर फिटलेलं. मंग म्हणलं, आपल्या नावाचा, एक जूनचा दुसरा कोण हाय? तूच."

"मला विचारायचं न्हाई का बे?"

"दुकानात सदा गिऱ्हाईक. तू बाजारात बसणारा माणूस. बोभाटा झाला तर तुला माल कोण देईल? म्हणलं, आसंल काही अडचण. आपण आपलं रोख देत जावं."

बाजाराचा गलका चालू होता. मग मला तो कागद आठवला.

"अन् वस्तीवर मी कागद आणलता, तवा तुला वाटत होतं ते कर्ज माझं हाय?"

"हां."

"मंग सही कावून केलीस? त्यात काय लिहिलं होतं ते वाचलं तरी होतंस का?"

"वाचलं की," मागचा म्हणाला. "मागं बसायचो म्हणून वाचाया येत न्हाई का बे? थकबाकीदार लिहिलं व्हतं. पर तुझं दुकान जात व्हतं ना."

त्यानं दोर खांद्यावर टाकला, घंटा पिशवीत घातली आणि म्हातारी वाट बघत असेल म्हणून निघून गेला. मी वही काढली, त्याचं पान शोधलं आणि घंटा मांडून ठेवली. समोर एक गिऱ्हाईक मघापासून घुंगरमाळेचा भाव विचारत होतं. मी तो इतक्या हळू सांगितला की त्याला परत विचारावं लागलं.